शुक्रवारपर्यंतचं घर

तळ्याचा काठ संपून वाट पुन्हा नदीकडे वळते तिथे मादाम सेब्रों थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "कुमुद, आता तुम्ही म्हणणार की टॅक्सी बोलवू या. म्हणू नका."

मी काही म्हणणार नव्हते. मला बोलायचाच कंटाळा आला होता. निम्मी वाट झाली होती, निम्मी राहिली होती, आणि उजव्या पायाचा बूट टाचेला लागत होता. संप होता. सकाळी एक बस आली, तिने मादामना आंजे शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोडलं, आणि दुपारनंतर एकही सुटली नाही. ऑक्टोबरात संप व्हायचाच. कुणी कुणाला काही विचारत नाही, लोक चालायला लागतात. आमचे हे गाडी घेऊन शोलेला गेलेले. चार वाजता मादाम माझ्या शाळेत आल्या, माझं काम आटपेपर्यंत खुर्चीत ताठ बसून राहिल्या, आणि मग आम्ही दोघी नदीच्या कडेने आमच्या गावी, बूशमेनला, पायी निघालो.

मी म्हटलं, बूट चावतोय. त्यांनी माझं फ्रेंच वाक्य सरळ करून दिलं. मी ते पुन्हा नीट म्हटलं आणि आम्ही चालू लागलो. सव्वीस वर्षं हेच चाललं आहे. आता मी कशाला थांबतही नाही.

ह्यूगेट सेब्रों पंचाहत्तर वर्षांच्या. बूशमेनच्या सरकारी शाळेत सदतीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला. गावातल्या चाळिशी-पन्नाशीच्या निम्म्या माणसांनी त्यांच्या हाताखाली अक्षर गिरवलं आहे. खाटकाने फळ्यावर काही चुकीचं लिहिलं असलं तर त्या पर्समधून खडू काढून आधी ते दुरुस्त करतात, मग सॉसेज मागतात. खाटीक म्हणतो, मादाम, मी आता एकावन्न वर्षांचा आहे. त्या म्हणतात, मग तर जास्तच लाज वाटायला हवी. तो हसतो आणि एक सॉसेज वर टाकतो. गावात त्यांना कुणी वाईट म्हणत नाही. पण त्यांच्याशी बोलण्याआधी लोक वाक्य मनात एकदा म्हणून बघतात, हे मी पाहिलं आहे.

त्यांचे यजमान रेमी छपरं बसवायचे, शाळेच्या पाटीला असतो तसल्या काळ्या दगडाची. नऊ वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचं स्वतःचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि त्यावरची प्रत्येक चीप त्यांनी रविवारी रविवारी चढून बसवलेली आहे. त्या घरात एकट्या राहायला मादामना जड जायला लागलं तेव्हा मीच सुचवलं की वरची खोली आमच्या शाळेच्या मुलामुलींना द्या. मी जिथे काम करते तिथे परदेशातली मुलं फ्रेंच शिकायला येतात, आणि त्यांची राहण्याची सोय बघणं हे माझं टेबल. नऊ वर्षांत त्यांच्याकडे अकरा जण राहून गेले. एक जपानी मुलगा त्यांची प्रत्येक दुरुस्ती वहीत उतरवायचा, अजून नवीन वर्षाला पत्र पाठवतो. तीन मुलींनी मात्र पहिल्याच आठवड्यात घर बदलून मागितलं. कारणाच्या रकान्यात दर वेळी मी लिहिलं, शाळेपासून लांब पडतं.

गेल्या फेब्रुवारीत मादाम तळघराच्या पायऱ्यांवरून पडल्या. दुपारी पडल्या आणि दुसऱ्या दिवशी टपालवाली आली तोवर तिथेच होत्या. मांडीचं हाड जुळलं. पण त्यांची मुलगी वेरोनिक नांतहून आली ती ठरवूनच. तिचं म्हणणं एवढंच की रात्री घरात दुसरं माणूस असलं पाहिजे. असेल तर राहा. नसेल तर घर विकायचं आणि नांतला वृद्धांच्या इमारतीत दोन खोल्या घ्यायच्या. तिथे एक जागा तिने धरून ठेवली आहे, महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. वेरोनिकचं चुकतं असं मला म्हणवत नाही. माझी आई असती तर मीही हेच केलं असतं.

म्हणून या वर्षी मी मादामच्या नावापुढे लुसीनेचं नाव लिहिलं तेव्हा देवाला हात जोडले होते. या खेपेला मुलं कमी आली. त्यांच्या वाट्याला एकच. ती गेली तर फेब्रुवारीपर्यंत दुसरं कुणी नाही.

लुसीने आर्मेनियाची, ग्युमरी नावाच्या गावची. वीस वर्षांची, अंगाने दणकट, आणि बोलकी. तिचं बोलणं म्हणजे उतारावरची सायकल. चुका करत, हातवारे करत, मधेच स्वतःच हसत. शनिवारी स्टेशनवर मला भेटली आणि बूशमेनला पोचेपर्यंत तिच्या घरची सगळी माणसं माझ्या ओळखीची झाली. आजीने वाढवलेली मुलगी. वडील कामासाठी रशियात, आई वारलेली. मला वाटलं, ठीक होईल. ही घर भरून टाकेल.

"तिला सूप आवडत नाही," मादाम चालता चालता म्हणाल्या.

मी म्हटलं, असं कशावरून?

मग त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारी रात्री लीकचं, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या भाजीचं, सूप केलं, तिने दोन वाट्या घेतलं आणि अखंड बोलत होती. रविवारी लाल भोपळ्याचं. तेही घेतलं, पण बोलणं कमी. सोमवारी ओढ्याकाठच्या पालेभाजीचं, त्यात साय घालून. नुसती हो-नाही म्हणत होती. मंगळवारी परत लीकचं केलं, कारण पहिल्या दिवशी ते चाललं होतं, तर अर्ध्यावर टाकून उठली. मग बुधवारी त्या वाचनालयात गेल्या, आर्मेनियाच्या स्वयंपाकाचं पुस्तक मागवलं, ते मिळालं नाही म्हणून जवळपासच्या देशांचं घेतलं, आणि वांगी भरून केली. दुपारी तीन तास त्यात गेले. लुसीने सातला आली, भूक नाही म्हणाली आणि पावाचा तुकडा घेऊन वर गेली.

"पाव घेऊन," मादाम म्हणाल्या. "खोलीत. जेवणाच्या वेळी."

या देशात लहानाची मोठी झालेली बाई हे कसं बोलते ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. घरातली मुलगी रात्रीची पळून गेली तरी सूर याहून वेगळा लागला नसता. टेबलावर सगळ्यांनी एका वेळी बसायचं, तास दीड तास बसायचं, पाव ताटाशेजारी, हात टेबलावर, आणि बोलायचं. तिथे बसलं नाही म्हणजे घरात राहिलं नाही.

"भरलेली वांगी मी काल रात्री खाल्ली आणि आज सकाळी खाल्ली," त्या म्हणाल्या. "चांगली नव्हती. तिने खाल्ली नाहीत ते बरंच झालं. त्यांच्यात काय खातात, कुमुद? तुम्हाला माहीत असेल. तुम्ही त्याच बाजूच्या."

मी म्हटलं की माझं गाव आणि तिचं गाव यांत जेवढं अंतर आहे तेवढं चाललात तर संपही मिटेल. त्या हसल्या नाहीत. मग मी म्हटलं, सूप नसेल कारण. कदाचित दमली असेल. पहिला आठवडा. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मलाही माझी लाज वाटली. कारण मला सगळं माहीत होतं.

बुधवारी दुपारी लुसीने माझ्या टेबलाशी आली होती. घर बदलायचा अर्ज मागत होती. पहिल्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दिला तरच घर बदलून मिळतं, नंतर सहामाही संपेपर्यंत नाही. मी तिला बसवलं, चहा दिला. ती आधी काही सांगेना. म्हणाली, बाई चांगल्या आहेत. खोली चांगली आहे. रागावत नाहीत. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी काही बोलले की माझं वाक्य त्या घेतात, धुतात, इस्त्री करतात आणि मला परत देतात. तोवर मला काय सांगायचं होतं तेच राहत नाही."

मी म्हटलं, त्यांचा स्वभाव आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

तेव्हा तिने मंगळवारचं सांगितलं. संध्याकाळी तिच्या मावशीचा फोन आला होता, आजीला दवाखान्यात नेलं म्हणून. छातीत पाणी झालंय. ती खाली आली, टेबलाशी बसली आणि मादामना म्हणाली, माझ्या आजीला दवाखान्यात नेलंय. घाबरल्यामुळे वाक्य वेडंवाकडं झालं. मादाम म्हणाल्या, असं नाही म्हणत. पूर्ण वाक्य नीट म्हणून दाखवलं आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं. ती म्हणाली. माझ्या आजीला दवाखान्यात नेलं आहे. अगदी बरोबर, सगळं जागच्या जागी. मग मादाम म्हणाल्या, छान. आणि मग विचारलं, कुठल्या दवाखान्यात? तोवर लुसीने उठली होती.

हे सांगताना ती रडली नाही. कपातला चहा तिने संपवला आणि पुन्हा अर्ज मागितला.

मी तिला म्हटलं, अर्ज संपलेत, उद्या ये. माझ्या खणात अर्जांचा गठ्ठा होता. आज सकाळी ती पुन्हा आली तेव्हा मी म्हटलं, साहेब नाहीत, उद्या सकाळी नक्की. रोज सकाळी देवापुढे दिवा लावून मी घरातून निघते, आणि दोन दिवस लागोपाठ पोराच्या वयाच्या मुलीशी खोटं बोलले. मनात हिशेब हा की शुक्रवार कसा तरी निघून जाऊ दे. किंवा मग तिला मादामच्या घराचं सांगावं. मुलगी मायाळू आहे. कळलं तर जाणार नाही.

आज संपामुळे ती आंजेतच वर्गातल्या एका मुलीकडे मुक्कामाला राहणार होती.

गावाकडे फुटणाऱ्या रस्त्यावर दगडी क्रूस आहे. मी नेहमी तिथे क्षणभर हात जोडते. आज जरा जास्तच वेळ उभी राहिले.

"सदतीस वर्षं मी सरकारी नियमाने देवाला वर्गाबाहेर ठेवलं," मादाम मागून म्हणाल्या, "आणि तुम्ही आमच्या एकाही चौकात त्याला चुकवत नाही."

"थांबलं की पायाला बरं वाटतं," मी म्हटलं.

"ते खरं कारण असेल तर मीही धार्मिक होते." त्या शेजारच्या बाकावर बसल्या. मीही बसले. समोर नदी अगदी संथ होती, पलीकडच्या कुरणात गाई बसल्या होत्या. दोघींनाही उठायची इच्छा नव्हती. त्यांनी पिशवीतून दोन सफरचंदं काढली, रुमालाला पुसली, एक मला दिलं. त्यांची काठी घसरून पडली ती मी उचलली नाही, त्यांनीही नाही.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "वेरोनिकचा काल फोन होता. ती मुलगी कशी आहे, राहतेय ना, एवढं दोनदा विचारलं. मी म्हटलं, राहतेय. पण वेरोनिकला मी खोटं बोलले की लगेच कळतं. तिलाही पहिलीत मीच शिकवलंय."

मी सफरचंद खात राहिले.

"लुसीने तुमच्याकडे आली होती का?"

"कोण?"

"कुमुद. खिडकीची काच कुणी फोडली हे मी सहा वर्षांच्या मुलांना आयुष्यभर विचारलंय. 'कुठली खिडकी' म्हणतो त्याला सगळं माहीत असतं."

मग मी सांगितलं. अर्जाचं सांगितलं. तो मी दिला नाही हेही सांगितलं. इस्त्रीचं वाक्य मात्र मी गाळलं. मंगळवारचं सांगायचं नव्हतं, पण त्यांनी विचारलं, कशामुळे? आणि त्यांच्या त्या सरळ नजरेपुढे मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या ऐकत होत्या. हातातल्या सफरचंदाचा खाल्लेला भाग तांबूस व्हायला लागला होता.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "कुठल्या दवाखान्यात, ते मी विचारलं."

"हो. नंतर."

"नंतर," त्या म्हणाल्या.

एक सायकलवाला गेला. त्याने आम्हाला नमस्कार केला, मादामनी मानेने घेतला.

"दुसऱ्यांदा तिने अगदी बिनचूक म्हटलं, कुमुद. इतकं अवघड वाक्य. मला इतका आनंद झाला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी विचार करत होते, चार दिवसांत केवढा फरक पडला. आजीचा विचार करत नव्हते. ते वाक्य डोक्यात होतं." मग त्यांनी विचारलं, "कशी आहे ती? आजी?"

मी म्हटलं, आजच मी लुसीनेला विचारलं. पाणी काढलंय, अजून दवाखान्यातच आहे.

त्यांनी उरलेलं सफरचंद रुमालात गुंडाळून ठेवलं. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हालाही?"

मला हा प्रश्न कधीतरी येईल असं वाटलं होतं, पण तो त्या बाकावर, पाय सुजलेले असताना येईल असं वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी मी मिरजेहून इथे आले. आमचे हे बियाण्यांच्या कंपनीत. मला बोंजूरच्या पुढे शब्द येत नव्हता. बुधवारी शाळांना सुट्टी असते, त्या दुपारी मादाम नगरपालिकेच्या मागच्या खोलीत माझ्यासारख्या बायकांना फुकट शिकवायच्या. त्यांनी मला कागदपत्रं भरायला शिकवलं, सरकारी कचेरीत रांगेत माझ्याबरोबर तीनदा उभ्या राहिल्या, माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी रात्रभर दवाखान्याच्या बाकावर होत्या. माझं इथलं सगळं आयुष्य त्यांच्या वाक्यांवर उभं आहे. आणि पहिले सहा महिने मी पाववाल्याकडे गेले की बोटाने दाखवायची. शब्द येत होते, पण बोट चुकत नाही. रेमी गेले तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन मादामचा हात धरला, घरून पाठ करून आणलेलं एक वाक्य म्हटलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी माझा शेवटचा शब्द दुरुस्त केला. मी त्या दिवशी रागावले नाही. मला उलट वाटलं होतं, अजून आहेत त्या, मोडल्या नाहीत.

यातलं पाववाल्याचं मी सांगितलं. चर्चमधलं सांगितलं नाही.

"सहा महिने," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटायचं तुम्हाला त्याचा पाव आवडत नाही. मी तुम्हाला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला होता."

"दिला होता. तिथेही मी बोटच दाखवायची."

त्यांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला, पण चेहरा हसला नाही. त्यांनी वाकून काठी उचलली. उठायला मी हात दिला तर घेतला. एरवी घेत नाहीत.

शेवटचा दीड किलोमीटर चढाचा आहे. अंधार पडायला वेळ होता, पण ऊन गेलं होतं आणि नदीवरचा गारठा अंगाला झोंबायला लागला होता. मला वाटलं काही तरी बोलावं. मी म्हटलं की मुलं मोठी होतात, विसरतात, लुसीनेही विसरेल. बोलताना कुठेतरी चुकले, ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. त्यांनी तोंड उघडलं, जीभ टाळ्याला लागलेली दिसली मला, आणि मग त्यांनी ओठ मिटले. मी दोन पावलं वाट बघितली. काही आलं नाही. त्या वाक्यात काय चुकलं होतं ते मला अजून ठाऊक नाही.

चढावर त्या दर वीस पावलांना थांबत होत्या. मी मोजत होते, कारण दुसरं काही करायला सुचत नव्हतं. मनात नामस्मरण सुरू केलं तर तेही पायांच्या तालावर जाऊन हरवत होतं. खाटकाचं दुकान बंद होताना दिसलं. त्याने हात केला, "मादाम, चालत? या वयात?" असं ओरडला. त्या नुसत्या मानेने हो म्हणाल्या. त्याला बहुधा चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण तो दार ओढायचं थांबून आमच्याकडे बघत राहिला.

त्यांच्या फाटकाशी आलो. वर खोलीची खिडकी बंद होती. मी तेव्हा माझ्या मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, मला एकदा तिच्याशी बोलू द्या. घराचं सांगते, वेरोनिकचं सांगते. मुलगी चांगली आहे, तिला आजीचा लळा आहे. तिला कळलं की तुम्हाला इथून जावं लागेल, तर ती पाऊल बाहेर टाकणार नाही.

"म्हणूनच नको," त्या म्हणाल्या.

"मादाम, शुक्रवार उद्या आहे."

"वार मला येतात, कुमुद." त्यांनी फाटकाची कडी काढली. "माझी दया येऊन राहिलेली मुलगी रोज साडेसातला माझ्यासमोर बसणार. ती काही बोलली तरी मला कळणार नाही, तिला खरंच सांगायचंय, की नुसतं मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. नाही. तशी नको."

मी म्हटलं, मग तुम्ही तिच्याशी बोला. माफी मागा. तुम्ही मागितलीत तर ती ऐकेल.

"मागेन. पण तिने अर्ज भरून दिल्यावर. आधी मागितली तर ती माफी होत नाही, अर्ज होतो. माझा." त्या दाराकडे गेल्या, कुलूप काढलं आणि मला म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा."

मी फाटकाला टेकून उभी राहिले. आत दिवा लागला. जिन्यावर त्यांची काठी वाजली, एक एक पायरी, मधे थांबून, वर आणि मग पुन्हा खाली. जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी हाक मारायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्या कशासाठी वर गेल्या हे मला बघायचं होतं.

त्या आल्या तेव्हा काखेत एक जाड निळी रजई होती, दोरीने बांधलेली. माझ्या हातात दिली. चांगली वजनदार होती.

"उद्या सकाळी ती आली की पहिल्यांदा तिला अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "साहेब आहेत, अर्ज आहेत, सगळं आहे म्हणा. कारणाच्या रकान्यात लांब पडतं लिहू नका. तिला जे लिहायचं असेल ते तिला लिहू द्या, कसंही लिहू द्या. आता तुमच्याकडे रिकामी खोली बर्तेलो बाईंचीच आहे ना? त्या नऊला हीटर बंद करतात. सगळ्या गावाला माहीत आहे. वर दुसरं पांघरूणही देत नाहीत." त्यांनी रजईची दोरी जरा घट्ट केली. "ही तिला द्या. माझी आहे म्हणू नका. शाळेची आहे म्हणून सांगा."